जाड काच म्हणजे मजबूत काच नव्हे
'जाड बुडाचा काचेचा ग्लास चहाला जास्त टिकतो' असं म्हटलं जातं. नेमकं उलट आहे. काचेतून उष्णता फार हळू सरकते. उकळता चहा ओतला की आतला थर लगेच प्रसरण पावतो, बाहेरचा मात्र गारच असतो, त्यामुळे तो ताणला जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण नाही. जाडी जास्त तितका आतबाहेरचा फरक मोठा. म्हणून तडा बऱ्याचदा भिंत आणि बूड जुळतं तिथे जातो. कधीकधी अख्खं बूडच सुटून खाली राहतं.

याहून वाईट म्हणजे ओव्हनमधलं तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवणं. तिथे पृष्ठभागच एकदम आकसतो आणि ताण थेट घासणीच्या ओरखड्यांवर येतो.

साधी काच दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण ९ भाग वाढते, बोरोसिलिकेट (ओव्हनच्या भांड्यांची उष्णता सोसणारी काच) ३.३, म्हणून तिच्यात ताण कमी येतो. पण म्हणून तिचं भांडंही फ्रीजमधून काढून थेट गॅसवर नको. चहाआधी ग्लास गरम पाण्याने विसळा. आत चमचा ठेवण्याचा फायदा किरकोळच.