कुलाब्यातील जुने बारही यादीत हवेत

मुंबईतील चांगले बार कोणते, याची एक यादी वाचली; तीत उंच इमारतींच्या गच्चीवरील नवी ठिकाणेच अधिक आहेत, म्हणून कुलाब्याची भर घालतो. माझी पहिली पसंती कॅफे मोंडेगारला आहे, कारण मारियो मिरांडा यांच्या चित्रांनी भरलेल्या तेथील भिंती पाहत थंड बिअरचा एक मग घेऊन दुपारभर बसावे, असे ठिकाण या शहरात मला दुसरे आढळलेले नाही. जवळच १८७१ मध्ये सुरू झालेले लिओपोल्ड आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा तेथे अजूनही जपलेल्या आहेत, आणि त्यांच्यासमोर आवाज आपोआप खाली येतो. खर्चाची तयारी असल्यास ताजमधील १९३३ पासूनचा हार्बर बार पाहावा. शनिवारी संध्याकाळी मात्र मोंडेगारमध्ये टेबलासाठी बराच वेळ ताटकळावे लागते.