वयाच्या ४६ व्या वर्षी अचानक फिट्स सुरू झाल्या आहेत. माहिती आणि अनुभव हवेत

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे. आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेही नवा आयडी घेऊन, कारण नात्यातले बरेच जण इथे असतात. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. बीपी नाही, शुगर नाही, डोक्याला कधी मार लागलेला नाही, माहेरी-सासरी कोणाला आकडी येत नाही. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवत दीड वाजेपर्यंत जागलो. नवरात्राचे नऊ उपवास नुकतेच झाले होते. पहाटे साडेचारला मला झोपेत फिट आली. हे सगळं मला सांगितलेलं आहे. मला आठवतं ते थेट १०८ च्या गाडीचं छत, चावलेली जीभ, आणि अंगावरचा गाऊन ओला आहे हे कळल्यावर वाटलेली लाज. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला होता. मुलाने दातखीळ सुटावी म्हणून स्टीलचा चमचा तोंडात घातला, त्यात दाढेचा टवका उडाला. तो बारावीला आहे. अजून माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाही, दाढ त्याच्यामुळे तुटली म्हणून.

साखर, सोडियम, सीटी स्कॅन सगळं ठीक निघालं. 'एखादी फिट येऊ शकते, जागरण झालं असेल' म्हणून घरी सोडलं. तीन आठवड्यांनी दुसरी आली, भर दुपारी, काउंटरवर.

मग पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी मोठ्या फिटबद्दल फारसं विचारलंच नाही. 'याआधी क्षणभर हरवल्यासारखं कधी होत होतं का?' असं विचारलं, आणि मी रडायलाच लागले. कारण होत होतं. दीड वर्षं होत होतं. पोटातून एक लाट उठते, घशापर्यंत येते, आणि वाटतं की हा क्षण, हा माणूस, हे वाक्य, सगळं आधी एकदा घडून गेलेलं आहे. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. अर्ध्या-एक मिनिटात ओसरतं, मग तासभर गळून गेल्यासारखं होतं. गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मग पाळी पुढे-मागे होऊ लागल्यावर 'हे वय असंच असतं' असं सांगितलं. मीही मानलं. मैत्रिणींनाही घाम फुटतो, छातीत धडधडतं, मग माझं काय वेगळं? मुलगी म्हणाली, 'आई, तू तेव्हा ओठ चावल्यासारखे करतेस आणि ओढणी चोळत बसतेस. आम्हाला वाटायचं तू विचारात आहेस.'

त्या फिट्सच होत्या म्हणे. छोट्या. मेंदूच्या एकाच भागात सुरू होऊन तिथेच थांबणाऱ्या. पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला. दुसरा रात्रभर जागवून केला, त्यात डाव्या टेम्पोरल म्हणजे कानशिलाजवळच्या भागात गडबड दिसली. एमआरआय पूर्ण नॉर्मल आहे. गाठ नाही म्हणून सगळ्यांनी देवासमोर साखर ठेवली, मीही ठेवली. पण मग का? डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांत कारण सापडत नाही. हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. ताप आला तर मलेरिया का टायफॉइड हे कळतं, आणि हे कशामुळे ते कोणीच सांगू नये?

लेव्हेटिरासिटाम ५०० ही फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मोठी फिट दोन महिन्यांत आलेली नाही. पण मी मी राहिलेले नाही. भाजीत मीठ कमी म्हटल्यावर ताट सरकवलं, मुलावर इतकं ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. नंतर न्हाणीघरात बसून रडते. हे गोळीमुळे, आजारामुळे, की माझ्याच मनामुळे?

आणखी काही प्रश्न आहेत. एमआरआय नॉर्मल असताना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का? कामावर मला काउंटरवरून उचलून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं आहे, 'तुमच्या काळजीपोटी' म्हणाले. पंचवीस वर्षं एका पैशाचा फरक न येऊ दिलेल्या बाईला हे फार लागतं. यात काही करता येतं का? स्कूटी बंद ठेवली आहे, ती कायमचीच का? आणि मुलीला स्थळं बघतोय. जाऊबाई म्हणतात, बाहेर एक शब्द काढू नका. माझ्यामुळे तिचं अडेल का, हा विचार रात्री झोपू देत नाही, आणि झोप मोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

ज्यांना चाळिशीनंतर हे सुरू झालं त्यांनी कृपया लिहा. लहानपणापासून असणाऱ्यांचे अनुभव पुष्कळ वाचले. आयुष्य मार्गी लागल्यावर अचानक आलेल्यांचे हवे आहेत.

प्रतिसाद १

ताई, मला ५१ व्या वर्षी सुरू झालं, आज ५८ आहे. माझं कारण सापडलं: मेंदूत फीतकृमीच्या अळीची वाळून कॅल्शियम साचलेली गाठ. मी माळकरी, घरात कांदा-लसूणही चातुर्मासात बंद, त्यामुळे आधी डॉक्टरांवरच चिडलो. ते शांतपणे म्हणाले, या जंताची अंडी दूषित पाण्यातून, नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, शाकाहारी माणसालाही होतं. आपल्या देशात मोठेपणी फिट सुरू होण्यामागे हे कारण बरंच आढळतं. तुमचे सीटी आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल आहेत म्हणजे बहुधा हे नाही. पण खरं सांगू? कारण कळून माझ्या रोजच्या जगण्यात काही बदललं नाही. गाठ वाळलेली, म्हणून जंताचं औषध दिलं नाही, फिटच्याच गोळ्या. तुमच्यासारख्याच.

चिडचिडीबद्दल: या गोळीचा हा माहीत असलेला परिणाम आहे, सगळ्यांना होत नाही, पण होतो. मला झाला होता. गोळी बदलून घेतली आणि तीन-चार आठवड्यांत माणसात आलो. मात्र स्वतःहून एक गोळीही चुकवू नका. एकदम बंद केली तर फिट उसळून येते. पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच फोन करा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तेही न लाजता सांगा.

न्हाणीघराला आतून कडी लावू नका. गॅसवर पातेलं मागच्या बर्नरला ठेवा.

प्रतिसाद २

मी ईईजी तंत्रज्ञ आहे. साधा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असला तर आलेख नॉर्मल येतो, म्हणून नॉर्मल ईईजीवरून फिट नाही असं म्हणता येत नाही. दुसरं मत घ्यायला हरकत नाही. एपिलेप्सीवर, म्हणजे अपस्मारावर, काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआय एपिलेप्सीसाठीच्या खास पद्धतीने काढला होता का ते विचारा. विसरभोळेपणा काही आठवड्यांत झपाट्याने वाढला असेल, किंवा चेहरा आणि हात एका बाजूला क्षणभर आखडत असतील, तर नक्की सांगा. मग अँटिबॉडीची तपासणी करतात (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली आहे का ते बघायला), कारण त्या प्रकारावर वेगळे उपचार आहेत.

मुलाला सांगा, तो चुकला नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तोंडात काही घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर थेट रुग्णालय. आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

प्रतिसाद ३

स्थळाबद्दल लिहिते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं, ते १९९९ मध्ये काढून टाकलं. आणि ते ज्याला आजार आहे त्याच्यापुरतं होतं, तुमच्या मुलीला तर आजारच नाही. मोठेपणी सुरू होणाऱ्या अशा फिट्स मुलांत उतरण्याची शक्यता फार कमी असते. डॉक्टरांकडून हे तिच्यासमोर वदवून घ्या. गाडीचं मात्र कडक आहे, लायसन्सच्या फॉर्ममध्ये फेफऱ्याबद्दल सरळ प्रश्न असतो. डॉक्टर लेखी देईपर्यंत स्कूटीला हात लावू नका. पुण्यात 'संवेदना' हा अपस्मार असणाऱ्यांचा स्वमदत गट आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा समोरच्या बाईने माझीच लाट माझ्याआधी वर्णन करून सांगितली होती.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. लाटेबद्दल वाचून किती वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

फोन केला. गोळी हळूहळू बदलत आहेत. नवीन गोळी अगदी थोड्या मात्रेपासून सुरू केली आहे, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायला सांगितलं आहे. कामावर अजून बोलले नाही. डॉक्टरांचं पत्र मागितलंय, ते आलं की पतसंस्थेच्या अध्यक्षांना भेटणार आहे. जाऊबाईंचं ऐकायचं नाही असं मुलीनेच ठरवलं, तिने एका ठिकाणी स्वतः सांगितलं. उत्तर आलेलं नाही.

मुलाला प्रतिसाद २ वाचायला दिला. काही बोलला नाही, फोन परत दिला. रविवारी जेवताना मला छोटी फिट आली तेव्हा त्याने व्हिडिओ घेतला, चाळीस सेकंदांचा. डॉक्टरांना पाठवला आहे. मी अजून पाहिलेला नाही. इतके महिने माझ्या आजाराबद्दल मी दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकत आले आणि आता तो व्हिडिओ हातात आहे तर धीर होत नाही. मुलगा म्हणतो, तू म्हणशील तेव्हा शेजारी बसून बघू. आधी त्याची प्रॅक्टिकल्स होऊ देत.