कोबेत एक दिवस: आईसोबत, शाकाहारी, काय पाहावे?

शमिका_पुणे: नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई (वय 67) ओसाकात असू. एक दिवस कोबेसाठी ठेवलाय. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या टाळायच्यात. प्रवास धरून माणशी 4000 येनच्या आत बसवायचं आहे. कृपया सुचवा.

भटका_सातारी: कोबेला जाऊन कोबे बीफ खाल्लं नाही तर गेलात कशाला? आम्ही दोघांनी मिळून 25000 येन मोजले, एकेक घास वसूल. आणि नुनोबिकीचा धबधबा सोडू नका. शिन-कोबे स्टेशनाच्या मागूनच वाट आहे, 43 मीटरवरून पाणी पडतं.

इंद्रायणी: सातारी, धागा नीट वाचा हो. शाकाहारी लिहिलंय, गुडघ्यांचंही लिहिलंय. त्या वाटेवर पायऱ्याच पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाईंना अर्ध्यातून परत आणावं लागलं.

ओसाकावासी: इथे अकरा वर्षं राहतोय म्हणून सांगतो, शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) घेऊ नका. पैसे जास्त जातात आणि ती शिन-कोबेला डोंगराच्या पायथ्याशी सोडते. तिथून गावात यायला पुन्हा मेट्रो. ओसाकातल्या उमेदाहून हान्क्यू या खासगी रेल्वेची 'तोक्क्यू' पकडा, अर्ध्या तासात सान्नोमिया, म्हणजे कोबेचं मुख्य स्टेशन. नाव एक्स्प्रेसचं असलं तरी जादा तिकीट नाही.

मोहिनी_ठाणे: कोबे म्हणजे मोती! मी 38000 येनचे कानातले घेतले, आजही तसेच चमकतात. आईंना एक जोड घ्याच.

दादरकर: मोत्यांवरून आठवलं. त्या व्यापारासाठी आलेली गुजराती कुटुंबं कोबेत पिढ्यान् पिढ्या राहतायत. कितानो भागात त्यांनी बांधलेलं संगमरवरी जैन देरासर आहे, 1985 चं. चढ आहे, पण सिटी लूपची हिरवी बस कितानोपर्यंत नेते. जवळच 1935 ची मशीद, जपानमधली पहिली. युद्धातले बाँबहल्ले आणि 1995 चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली.

भटका_सातारी: शाकाहारींना काय अडचण? मिसो सूप आणि भात मागवा, झालं.

इंद्रायणी: अजिबात नाही! मिसो सूपमध्ये दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क. उदोनच्या रश्शातही तीच. मी एकदा 'मांस नको' असं बजावून साधा टोफू मागवला. आला तेव्हा वर तपकिरी पापुद्रे वाफेनं हलत होते, जिवंत असल्यासारखे. मासाच होता तो. 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'मासा नको, दाशीही नको' असं जपानीत लिहून न्या. त्यापेक्षा सरळ दशम्या आणि चटणी बांधून घ्या.

दादरकर: दशम्यांना +१. सान्नोमियाजवळ भारतीय हॉटेलंही आहेत.

नीलेश_बंगळूर: पोर्ट टॉवर कुणीच कसा सांगितला नाही? 108 मीटरचा लाल टॉवर, 1963 चा, दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा उघडला. वर जायला लिफ्ट आहे. संध्याकाळी जा.

मोहिनी_ठाणे: मोत्यांचं मात्र विसरू नका.

शमिका_पुणे: सगळ्यांचे मनापासून आभार. दशम्या आणि हान्क्यू नक्की. पण बेत बदललाय. आईला काल यादी वाचून दाखवली, तर तिनं एवढंच विचारलं, "ते भूकंपाचं कोबे हेच का?" आईचं माहेर किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्री, मामाचं माळवद खाली आलं आणि आजी गेली. पंच्याण्णवच्या जानेवारीत कोबेची बातमी लागली, तेव्हा मामा अजून पत्र्याच्या शेडमध्येच होता. आई म्हणते, टॉवर राहू दे, देरासर राहू दे, त्या लोकांनी काय जपून ठेवलंय ते मला बघायचंय. भूकंपाचं संग्रहालय आहे ना तिथे?

ओसाकावासी: आहे. सान्नोमियाहून हान्शिन रेल्वेची लोकल घेऊन इवायाला उतरा, पुढे दहा मिनिटं चाल. सोमवारी बंद असतं. सुरुवातीला 17 जानेवारीच्या पहाटे 5:46 चा हादरा मोठ्या आवाजात, पडद्यावर दाखवतात. आईंना तो नको असेल तर आत शिरतानाच तिथल्या माणसांना सांगा. वाचलेले लोक स्वतः येऊन आपली हकीकत सांगतात, ते मात्र ऐका. नंतर बंदरावरच्या मेरिकेन पार्कात जा. भूकंपात फुटलेला बंदराच्या धक्क्याचा तुकडा तसाच ठेवलाय, दिव्याचे खांब कलंडलेले, खाली समुद्राचं पाणी. तिथे तिकीट नाही आणि बसायला बाकं आहेत.

इंद्रायणी: शमिका, आईंसाठी पातळ शाल ठेव गं. बंदरावर वारा असतो.