मदत हवी आहे: सोसायटीच्या सुरक्षेत नक्की कशाचा उपयोग होतो?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची चार विंगची जुनी सोसायटी आहे. गेल्या महिन्यात भरदिवसा एका बंद फ्लॅटचं कुलूप तुटलं. गेटवर वॉचमन होता, कॅमेरेही चालू होते. फुटेजमध्ये टोपी घातलेला माणूस दिसतो, चेहरा नाही, कारण कॅमेरा फार उंचावर आहे. दुसऱ्या विंगचं रेकॉर्डिंग तर डिस्क भरल्यामुळे आपोआप पुसलं गेलं होतं.

आता कमिटी आणखी कॅमेरे आणि गेटवरचं व्हिजिटर ॲप (पाहुणा आला की आपल्याला फोनवर परवानगी विचारणारं) घ्या म्हणते. मला हे पटत नाही. डिलिव्हरीवाल्यांच्या गर्दीत आपणही न बघताच 'अप्रूव्ह' दाबतो, मग अडवणार कोण? बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनकाकांकडून तरी किती अपेक्षा करायची?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार सिक्युरिटी एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डला प्रशिक्षण द्यावं लागतं. तुमच्याकडे एजन्सीचे हे कागद कोणी तपासले का? लॅच, सेफ्टी डोअर, जिन्यातले दिवे यांवर खर्च करून फरक पडला का? आमच्याकडे एकटे राहणारे आजी-आजोबा बरेच आहेत, त्यांची फार काळजी वाटते. रविवारी मीटिंग आहे, त्याआधी अनुभव सांगाल का?