दुसऱ्या पर्वातला खलनायक फिका पडतोय, काय चुकतंय?

घटप्रभा_काठ

ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वाची पटकथा चालू आहे. १० भाग, प्रत्येकी ११ मिनिटं. गोष्ट कणकुंबीच्या रानातली, मलप्रभेच्या उगमाजवळची, काळ मात्र काल्पनिक. पहिल्या पर्वात एक मांत्रिक बांध घालून नदी अडवतो, शेवटी नायिका बांध फोडते आणि मांत्रिक त्याच लोंढ्यात वाहून जातो. दुसऱ्या पर्वात त्याचा गुरू आणलाय. शक्ती दुप्पट, फौज मोठी. तरी पहिले तीन भाग वाचून सगळे एकच म्हणतात, "हा तोच की, नुसती दाढी वाढलीय."

'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधली अझुला, त्याच्याच पुढच्या मालिकेतले, 'द लेजंड ऑफ कोरा'मधले आमोन, झहीर, कुविरा हे खलनायक डोक्यात राहतात. त्याच कोरामधला उनालाक का राहत नाही? आणि माझ्या गुरूचं काय करू?

शहापूरचा_धोटा

दुप्पट शक्ती हीच चूक. खलनायकाची ताकद वाढवली की बघणाऱ्याला एवढंच कळतं, आता नायिकेचीही वाढणार. उत्सुकता तिथंच संपली.

पुढच्या पर्वातला खलनायक मागच्या पर्वाच्या उधारीतून यावा. नायक जिंकतो तेव्हा कुणाचं तरी देणं अंगावर घेऊनच जिंकतो, आणि वसुलीला कोण येतं हे बघायला माणूस बसून राहतो. आपल्याकडे हे जुनंच आहे. कृष्ण-अर्जुनानं खांडववन जाळलं, त्यात तक्षकाचं घरदार गेलं. पुढं अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला डसला तो तक्षकच. मधे शृंगीचा शाप आहे, मान्य. पण ऐकणाऱ्याच्या नाकात खांडववनाचा धूर असतोच.

आता आमोन बघा. पहिल्या मालिकेच्या (२००५–०८, ६१ भाग) शेवटी नायक आंग फायर नेशनच्या राजाला, ओझाईला मारत नाही, त्याचं बेंडिंग (आग, पाणी असं तत्त्व हलवायची शक्ती) काढून घेतो. त्या वेळी तो केवढा मोठा दिलासा होता. पुढं तीच विद्या आंग याकोन नावाच्या गुंडावर वापरतो. याकोन पळतो, नाव बदलून उत्तरेत संसार थाटतो, आणि आपल्या दोन पोरांना रक्तावर ताबा मिळवायची विद्या शिकवतो. त्यातला थोरला नोआताक म्हणजे आमोन. लोकांचं बेंडिंग काढून घेणं हेच त्याचं हत्यार. म्हणजे मागच्या नायकाची सगळ्यात दयाळू कृती पुढच्या खलनायकाच्या हातात गेली. रक्ताची ती विद्याही पहिल्या मालिकेतल्या हामा या म्हातारीनं तुरुंगातून सुटायला शोधलेली. वरून कोराची गोष्ट घडते ते शहरसुद्धा आंग आणि ओझाईचा मुलगा झुको यांनीच वसवलेलं, आणि तिथं बेंडर गुंड साध्या दुकानदाराकडून हप्ता गोळा करतायत. आमोनच्या सभेला गर्दी का होते ते वेगळं सांगावं लागत नाही.

झहीरचा रेड लोटस हा गट नायकाच्या बाजूच्या व्हाइट लोटस संघटनेतूनच फुटलेला. झहीर पृथ्वी-राज्याच्या राणीला मारतो, राज्यात लुटालूट सुरू होते, ती आवरायला कुविरा जाते आणि तीन वर्षांनी सत्ता सोडायला तयार होत नाही. एकाच्या पायरीवर दुसऱ्याचा पाय आहे.

उनालाकची सुरुवात बरी आहे. आत्मे आणि माणसं यांच्यातली दरी मिटवायची, हे कुणालाही पटेल. पण मधेच तो दहा हजार वर्षांचा अंधार आणायला निघतो. एका इच्छेवरून दुसऱ्या इच्छेवर तो कसा गेला, तो जिना पडद्यावर नाहीच. आणि तो ज्याच्यासाठी हे करतो तो वाटू तर जगाच्या आरंभापासूनचा अंधार. त्याचं मागच्या नायकाकडे काही येणं निघत नाही.

तुमच्या गुरूला एकच प्रश्न विचारा. पहिल्या पर्वाचा शेवट वेगळा झाला असता, तरी हा आला असता का? उत्तर "हो" असेल तर काढून टाका.

लक्ष्मी_टेकडी

अर्धंच पटलं. ओझाईला कुठं खोली आहे? ना उधारी, ना दुःख. तरी चालतो. पहिली दोन पर्वं त्याचा चेहरा धड दाखवलेलाच नाही, आणि रोजचं काम त्याचा सेनानी झाओ, मुलगा झुको, मुलगी अझुला करतात. ओझाई म्हणजे नुसता पत्ता, दारात उभी आहे अझुला. नुसत्या दुष्ट खलनायकाला लांब ठेवा, मिनिटं कमी द्या, आणि त्याच्या अलीकडे माणूस ठेवा. वाटूला हेच मिळालं नाही. तो स्वतःच समोर येऊन बोलत बसतो.

अझुला चालते त्याचं पहिलं कारण ती जिंकते. तिचा काका इरोह, त्यानं बा सिंग से शहराला ६०० दिवस वेढा घातला आणि हात हलवत परत गेला. ही पोर दोन मैत्रिणींना घेऊन वेषांतर करून आत शिरते आणि आतल्या पोलिसांनाच फितवून शहर घेते. नवीन खलनायकाची उंची मोजायची तर मागं कुणीतरी हरलेला आकडा आधी सांगून ठेवायचा, मग हिनं तो कसा मोडला ते दाखवायचं. "ही फार खतरनाक आहे" असं कुणाच्या तोंडी घालायची गरज उरत नाही.

दुसरं, तिची फट पहिल्याच सराव-दृश्यात दिसते. वीज पाडायचा सराव चालू असतो, सोबतच्या म्हाताऱ्या म्हणतात जवळजवळ अचूक, एक बट तेवढी सुटलीय, आणि ती चिडते. सुमारे ४० भागांनंतर हीच मुलगी आरशासमोर स्वतःचे केस वेडेवाकडे कापते. मधे मैत्रिणींनी साथ सोडलेली असते, कारण तिची सगळी नाती धाकावर उभी होती आणि एकीचा धाक संपला. तिला बाहेरच्या कुणी मोडलं नाही.

गुरू ठेवायचाच असेल तर 'शी-रा'ची नवी मालिका (२०१८–२०, ५२ भाग) बघा. हॉर्डॅक चार पर्वं मोठा शत्रू असतो. तिसऱ्या पर्वात कळतं, हॉर्डॅक म्हणजे होर्ड प्राइमनं सदोष म्हणून टाकून दिलेली नक्कल, आणि चौथ्याच्या शेवटी तो होर्ड प्राइम स्वतः येतो. मोठा खलनायक मोठा दिसतो तो फौजेमुळं नाही, आधीच्याची कीव यायला लागते म्हणून.

मारुती_गल्ली_१२

वरचं सगळं कथेचं झालं. कागदावरून पडद्यावर येताना काय मरतं तेही बघा.

दर सेकंदाला १२ चित्रं धरली तर ११ मिनिटांना ७,९२० होतात. लहान चमूला एवढी चांगली चित्रं झेपत नाहीत, आणि पहिला बळी खलनायकाचाच जातो, कारण त्याला सारखे हातवारे करायला लावलेले असतात. स्थिर ठेवा. न हलणारा माणूस जास्त भीती घालतो आणि चित्रंही वाचतात. आमोनच्या मुखवट्याचा हाही फायदा, तोंड दिसत नाही म्हणजे ओठ जुळवायचं कामच नाही. 'ड्रॅगन प्रिन्स' मालिकेत खलनायक आरावोस आरशात दिसतो तेव्हा आधी त्याचा आवाजच येत नाही. काचेआडची हालचाल, शब्द शून्य. खर्च कमी, कुतूहल दुप्पट.

रंग एकच राखून ठेवा. अझुलाचा जाळ निळा, बाकी फायर नेशनचा तांबडा-पिवळा. निळा उजेड भिंतीवर पडला की ती न दिसताही आली. हा रंग पाहुण्या पात्राला, झाडाला, आभाळाला कुठंही वापरला की खेळ फसला.

आणि आपल्या भागातला नेहमीचा खड्डा म्हणजे भाषा. नायिका पुस्तकी मराठीत आणि खलनायक तेवढा कन्नड मिसळून बोलणार, असं लिहू नका. बेळगाव-खानापुरात सगळेच तसं बोलतात. एकट्या खलनायकाच्या तोंडी ते घातलं की गोष्ट मांत्रिकाची राहत नाही, सीमाप्रश्नाची होते, आणि निम्मे बघणारे तिथंच उठतात. सगळ्यांना एकच बोली द्या. फरक लांबीत करा: नायिका अडखळत, तोडत बोलते, खलनायक सावकाश, वाक्य पूर्ण करून.

घटप्रभा_काठ

म्हणजे गुरू मागं लांब, आणि पुढं दुसरं कुणीतरी. कोण पण? पहिल्या पर्वात उधारी राहिलीय असं मला तरी दिसत नाही.

शहापूरचा_धोटा

बांध फोडला म्हणालात. खालच्या गावांचं काय झालं?

मलप्रभा खानापुरावरून पुढं सौंदत्तीकडं जाते. एवढं पाणी एका रात्रीत सुटलं तर काठची काळी वाहून जाणार, पेवांत, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यांत, पाणी शिरून जोंधळा कुजणार. पहिल्या पर्वाच्या शेवटी रानात नाच चालू होता तेव्हा खाली कुणीतरी पेव उपसत बसलं होतं. तीच तुमची खलनायिका. तिचं मागणं एकच, बांध परत उभा राहिला पाहिजे. आणि ते चुकीचं नाही. पाण्याची भांडणं आपल्या भागाला समजावून सांगावी लागत नाहीत, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं नाव काढलं की पुरे.

भाग १ मध्ये तिला मारामारी देऊ नका, काम द्या. धान्य वाटते, वाहून गेलेल्यांची नावं तिला पाठ आहेत. भाग ३ पर्यंत तिच्याकडून बघणाऱ्याला न पटणारं काही घडू नये. भाग ४ ला ती पहिल्यांदा मर्यादा ओलांडते: वरच्या रानातली माणसं उठवल्याशिवाय बांध होत नाही, आणि ती उठवते. हाच तो जिना, जो उनालाकला मिळाला नाही. भाग ६ ला तिला पूर्ण जिंकू द्या, बांध उभा राहू दे, खालची गावं खरोखर सुखी होऊ देत. गुरू तोवर फक्त बांधाच्या दगडांवरच्या खुणांतून दिसावा. बांधायची विद्या त्याच्याकडूनच आलीय, एवढंच कळू दे.

शेवटाला आमोनची चूक करू नका. शेवटच्या भागात उघड होतं की तो स्वतःच बेंडर आहे, लोक पाठ फिरवतात, आणि बेंडर नसलेल्यांची तक्रार खरी होती की नाही हे कुणी विचारतच नाही. खोटं माणसाचं निघालं आणि प्रश्नही सोबत बुडवला. तुमची ही बाई भाग १० मध्ये राक्षसीण निघाली, गुरूच्या मंत्राखाली होती असं ठरलं, की आधीचे नऊ भाग फुकट. ती हरली तरी पेवांची भरपाई नायिकेलाच करायला लावा, आणि ती कशी करणार ते भाग ८ च्या आधी ठरवून ठेवा. भाग १० च्या ११ मिनिटांत लढाई आणि भरपाई दोन्ही बसत नाही. लढाई ९ मध्ये संपवा.