मानवी भूगोलातील संज्ञा पाठ होतात, पण समजत नाहीत

पहिले_सत्र
सर्वांना नमस्कार. मानवी भूगोल हा विषय मी यंदा प्रथमच घेतला असून पहिल्या दोन प्रकरणांतच वहीत साठ-सत्तर संज्ञा जमा झाल्या आहेत. व्याख्या पाठ होतात, परंतु प्रश्न थोडा फिरवून विचारला की गोंधळ उडतो. मागील चाचणीत ‘बृहत्प्रमाण नकाशा’ म्हणजे मोठ्या प्रदेशाचा नकाशा असे मी ठामपणे लिहिले आणि उत्तर चुकले. लोकसंख्येच्या घनतेचे तीन-तीन प्रकार कशासाठी, वस्तीची ‘जागा’ आणि ‘स्थिती’ यांत नेमका फरक कोणता, आणि निश्चयवाद व संभववाद यांचा जुना वाद आज का शिकायचा, हेही उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशावाचक
नकाशाचे प्रमाण हा अपूर्णांक आहे, एवढे ध्यानात ठेवले की ही चूक पुन्हा होणार नाही. १:१०,००० या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. १:१०,००,००० मध्ये तोच सेंटिमीटर १० किलोमीटर होतो. दहा हजारांश हा दहा लक्षांशापेक्षा मोठा, म्हणून पहिला नकाशा बृहत्प्रमाण, आणि त्यात मावतो तो मात्र लहानसा प्रदेश, रस्ते व इमारतींच्या तपशिलासह. नकाशाबाहेर आपण ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणतो तेव्हा अर्थ नेमका उलट असतो, त्यामुळे चूक केवळ तुमची नाही.

जनगणक
घनतेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग बहुतेक जण सूत्र पाठ करून सोडून देतात.

इजिप्तचे उदाहरण घ्या. क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १० कोटींहून अधिक. हिशेबाच्या सोयीसाठी १० कोटीच धरली, तर भागाकार येतो दर चौरस किलोमीटरला १०० माणसे. ही गणिती घनता. आकडा पाहून देश ऐसपैस वाटतो. प्रत्यक्षात बहुतांश भूमी वाळवंट असून जवळजवळ सर्व लोक नाईलच्या काठाने आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात राहतात. लागवडीखालील जमीन सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० चौरस किलोमीटर धरून पुन्हा भागाकार केला की उत्तर येते २,५००. ही कायिक घनता. शेतजमिनीच्या एका चौरस किलोमीटरवर किती जणांच्या अन्नाचा भार आहे, ते ती सांगते.

मग तिसरी कशाला? नेदरलँड्समध्येही कायिक घनता दर चौरस किलोमीटरला हजारावर जाते. परंतु तेथे तीच जमीन कसणारे हात फार थोडे आहेत, कारण यंत्रे व भांडवल मुबलक आहे. इजिप्तमध्ये शेतकऱ्यांची संख्या कितीतरी जास्त. म्हणून केवळ शेतकऱ्यांना लागवडयोग्य जमिनीने भागून कृषी घनता काढतात आणि तीवरून शेतीच्या तंत्राचा अंदाज बांधतात. तिन्ही व्याख्यांत अंशस्थानी कोण आणि छेदस्थानी कोणती जमीन, एवढेच तपासा. बाकी काही पाठ करावे लागत नाही.

बंदरकाठ
जागा म्हणजे वस्ती ज्या भूमीवर उभी आहे तिचे स्वतःचे गुण: उतार, पाणी, माती, नैसर्गिक आसरा. स्थिती म्हणजे इतर ठिकाणांच्या आणि मार्गांच्या संदर्भात तिचे असणे. केप टाऊन पाहा. डचांनी १६५२ मध्ये तेथे ठाणे वसवले ते युरोप-आशिया प्रवासातील जहाजांना ताजे पाणी व अन्न मिळावे म्हणून. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आशियाकडे जाणारी बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालीनाशी झाली. शहरामागचा डोंगर, उपसागर, पाणी यांतले काहीही हलले नव्हते. जागा तीच राहिली, स्थिती बदलली.

जुना_वाचक
निश्चयवादाबद्दल एक सावधगिरी. मानवी जीवन निसर्ग ठरवतो, हा विचार सरसकट जर्मन भूगोलज्ञ रॅट्झेलच्या नावावर टाकला जातो; त्याची टोकाची मांडणी मात्र त्याची शिष्या एलेन सेंपल हिच्या लेखनात अधिक ठळक आहे. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश याने निसर्ग शक्यता पुढे ठेवतो आणि माणूस त्यांतून निवड करतो, अशी भूमिका घेतली, तोच संभववाद. पुढे भूगोलज्ञ ग्रिफिथ टेलरने मधला मार्ग सुचवला: वाहतूक-नियंत्रक गाड्यांचा वेग कमी-जास्त करतो, पण त्यांची दिशा बदलत नाही, तसे माणसाचे निसर्गाशी नाते असते. वाद आज का शिकायचा, तर एखादा देश ‘उष्ण हवामानामुळे मागास राहिला’ असे विधान अजूनही सहज केले जाते आणि त्यात वसाहतवाद, व्यापार, शासनव्यवस्था ही सारी कारणे गाळली जातात, हे ओळखता यावे म्हणून. माझ्या मते या प्रकरणाचा खरा उपयोग तेवढाच आहे. कोणत्या विचारवंताचे साल कोणते, याला फारसे महत्त्व देऊ नये.

पहिले_सत्र
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घनतेचे गणित मी स्वतः करून पाहिले. आता याच पद्धतीने प्रदेशांचे प्रकार लिहून पाहतो, चूक असल्यास सांगावे: औपचारिक प्रदेश म्हणजे शासनाने रीतसर जाहीर केलेला, आणि कार्यात्मक प्रदेश म्हणजे जेथे उद्योगधंदे चालतात तो.

जनगणक
दोन्ही चुकले, आणि दोन्हींत दोष शब्दांचा आहे. ‘औपचारिक’ म्हटले की आपल्याला सरकारी शिक्का आठवतो. येथे अर्थ एवढाच की एखादे लक्षण त्या प्रदेशात सर्वत्र सारखे आढळते. स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषक पट्टा हा औपचारिक प्रदेश आहे, तो कोणी जाहीर केलेला असो वा नसो. प्रशासकीय विभाग हा त्याचा केवळ एक प्रकार, कारण तेथे कायदा सर्वत्र सारखा असतो. कार्यात्मक प्रदेशाला एक केंद्र लागते आणि त्या केंद्राशी होणारी ये-जा लागते. एखाद्या विमानतळावर जेथून प्रवासी येतात तो सगळा परिसर कार्यात्मक प्रदेश होय, मग त्यात एकही कारखाना नसला तरी चालेल. शेजारी दुसरा विमानतळ सुरू झाला की या प्रदेशाची सीमा आपोआप सरकते. भाषेची सीमा अशी रातोरात सरकत नाही. आता हेच तुमच्या शब्दांत पुन्हा लिहून पाठवा.