प्रतिसाद : भोपळ्याची दोन घरे

मिश्र वंशाच्या माणसाला दोन्हीकडे परकेपणा वाट्याला येतो आणि त्यातूनच त्याची सर्जनशीलता जन्मते, हे आपले मत मला अर्धेच पटते. माझे वडील मिरजेचे, तर आई केनियातील कालेन्जिन समाजाची. बाजारात "मराठी फार छान बोलता हो" हे कौतुक मी आजही ऐकते. त्याने चीड येते, चित्र सुचत नाही.

सुचते ते भलत्याच ठिकाणी. सतारमेकर गल्लीतून जाताना दारात सुकत टाकलेले भोपळे दिसतात. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा घुमारा याच भोपळ्यांत तयार होतो. आईच्या माहेरी मात्र वाळवून पोकळ केलेला भोपळा, विशिष्ट झाडांच्या कोळशाने आतून घासून, मुर्सिक नावाचे आंबवलेले दूध ठेवण्यासाठी वापरतात. एकाच फळाच्या पोकळीत एकीकडे षड्ज आणि दुसरीकडे दूध मुरते, हे लक्षात आल्यापासून मी कोळशानेच भोपळे रेखाटते आहे. (बोटे काळी होतात म्हणून आई अजून रागावते.)

मिश्र वारशाची उदाहरणे आपल्याला दुरून आणावी लागत नाहीत. गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कन्या, गायिका हिराबाई बडोदेकर, १९०५ मध्ये मिरजेतच जन्मली. तो वंशाचा नव्हे, धर्माचा संकर होता, हा फरक मला मान्य आहे. परंतु हिराबाईंच्या गाण्याचे श्रेय आपण परकेपणाला देत नाही, तालमीला आणि रियाजाला देतो.